तटावरचे काळे ठिपके

डिसेंबरातला उजेड चार्ल्सटनच्या बंदरावर घाई न करता उतरत होता. आधी तो पाण्यावर नुसताच राखाडी पसरला. मग नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांच्या डोलकाठ्यांना लागला, दलदलीतल्या गवताला फिकट सोनेरी करून गेला आणि शेवटी समोरच्या बेटावरच्या, केंद्र सरकारच्या किल्ल्यावर जाऊन टेकला. सज्जात उभा राहून सायलस रोज हा क्षण पाहत असे. त्या किल्ल्यावर त्याचा थोरला भाऊ एडमंड तोफखान्याचा अधिकारी होता. एरवी समुद्राकडे रोखलेल्या तोफांच्या लांब नळ्या उन्हात रेषांसारख्या चमकत. आज रेषा नव्हत्या. तटावर नुसते काळे, गोल ठिपके होते. उजेडाचा खेळ, असे स्वतःला सांगून सायलसने नजर काढून घेतली.

त्याच्या टोपीवर निळ्या फितीचे फूल होते. केंद्राचा जकात कायदा राज्याने आपल्या हद्दीत रद्द ठरवला होता, आणि त्यासाठी बंदूक उचलायला तयार असलेले सगळे ते फूल मिरवत.

खाली न्याहारीला बाबा रंगात आले होते. "अरे, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत आपला हा राष्ट्राध्यक्ष सेनापती होता, मी त्याच्या हाताखाली लढलोय! राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून काय झालं? आपल्याच मातीतला, आपल्यासारखाच मळेवाला. तो आपल्यावर फौज धाडेल? आणि तुझा दादा तिथं मासे धरत बसलाय, दुसरं काय!"

तेवढ्यात शेजारचे बोवेनकाका जहाजातून नुकतेच आलेले वर्तमानपत्र घेऊन आत आले.

"वाच की! शाबासकी दिलीय ना म्हाताऱ्यानं?"

काकांनी राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा कोरड्या आवाजात वाचला. राज्यांना हक्क जरूर आहेत; पण देशाचा कायदा रद्द करण्याचा हक्क एकाही राज्याला नाही. शस्त्राच्या बळावर देशातून फुटून निघणे हा देशद्रोह आहे.

बाबांचा चमचा हवेतच राहिला. "पुन्हा वाच."

काकांनी पुन्हा वाचले. शब्द तेच होते.

"देशद्रोही? मी?" बाबांचा हात नकळत खांद्यावरच्या जुन्या जखमेकडे गेला. "त्याच्यासाठी गोळी खाल्ली मी!"

"वॉशिंग्टनची गुलामगिरी आपण पत्करणार नाही!" काकांनी टेबलावर मूठ आपटली. बाजारातून विकत आणलेल्या डॉर्कसने त्यांच्या पेल्यात निमूटपणे कॉफी ओतली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

"पण काका, दादा..." सायलसने खिडकीबाहेर किल्ल्याकडे पाहिले.

"त्यानं केंद्राच्या फौजेत इमानाची शपथ घेतलीय, पोरा," काका म्हणाले.

"शपथ गेली खड्ड्यात! मुलगा माझा आहे तो!" बाबा ओरडले.

"शपथ तुमच्यापुढं नाही घेतली त्यानं," काका हळूच म्हणाले.

सायलस पुन्हा सज्जात आला. ऊन आता चांगलेच वर चढले होते, पाण्यावर सावलीचा मागमूसही नव्हता. ठिपके मात्र तसेच होते. बाजूने पाहणाऱ्याला तोफेची नळी दिसते. नुसते गोल तोंड दिसते ते तिच्यासमोर उभ्या असलेल्यालाच. हे लहानपणी त्याला दादानेच दाखवले होते.

तोफा शहराकडे वळल्या होत्या, आणि त्या दादाने वळवल्या होत्या.