एस्टींचा कोपरा

“चला, आता आपापल्या कोपऱ्यात,” असं म्हणून हार्लनने शिट्टी फुंकली आणि शाळेच्या व्यायामशाळेत जमलेलं ऑस्टर ग्रोव्ह गाव खुर्च्या सरकवत उठलं. हार्लनचं एरवी औषधांचं दुकान. चार वर्षांतून एकदा, कॉकसच्या दिवशी, सभेचा अध्यक्ष म्हणून त्याच्या हाती शिट्टी येते आणि ती तो गरजेपेक्षा बरीच जास्त फुंकतो.

अर्डिथ कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभी होती. आधीच रिकामे झालेले कप तिने उगाच एकात एक घातले, पुन्हा वेगळे केले. तिला कुठल्या कोपऱ्यात जायचं हे ठाऊक होतं. साऱ्या गावालाच ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार या कॉकस-सभेत निवडताना चिठ्ठी टाकून मोकळं होता येत नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. कोपरा फार लहान पडला तर मोडतो आणि तिथल्या माणसांना दुसरा कोपरा धरावा लागतो. त्या दिवशी कोपरा टिकायला दहा माणसं हवी होती. गव्हर्नर एस्टींच्या कोपऱ्यासाठी लोवेलने अकरा जमवली होती आणि त्यातली एक अर्डिथ होती.

लोवेल तिच्या समोरच्या घरात राहायचा. वॉशिंग मशीनच्या कारखान्यात त्याने आयुष्य काढलं, कारखाना बंद पडला तेव्हा तो फोरमन होता. बायको गेल्यापासून रविवारचं जेवण अर्डिथकडे, हे कुणी न ठरवता ठरून गेलं होतं. राजकारणात मात्र बिचाऱ्याचा हात अपशकुनी. दर निवडणुकीत तो एक सरळ माणूस हुडकून काढायचा, त्याच्यासाठी थंडीत दारोदार फिरायचा आणि पहिल्याच मोजणीत त्याचा कोपरा मोडायचा. उमेदवाराने पडायचं असेल तर आधी लोवेलला गाठावं, असं हार्लनच्या दुकानात लोक म्हणत. लोवेलही त्यांच्याबरोबर हसायचा. पण यंदा आकडा जमत होता. जिल्ह्याच्या सभेला एस्टींचा एक तरी प्रतिनिधी ऑस्टर ग्रोव्हमधून जाणार होता आणि तो लोवेल असणार होता. त्यासाठी त्याने नवा कोट घेतला होता. शाळेत येताना त्याने तिला फक्त एकदा विचारलं आणि ती म्हणाली होती, “मी आहेच ना. त्यात विचारायचं काय?”

आणि आता पाय उचलत नव्हते.

ऑक्टोबरात एस्टी तिच्या घरी येऊन गेले होते. लोवेलचं घर बायकोमाघारी पाहुण्याला बसवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून अर्डिथने आपलं स्वयंपाकघर दिलं. राजमा-खिम्याची चिली केली, दालचिनीचे रोल केले. शाळेत सव्वीस वर्षं तिने पोरांना हेच वाढलं होतं. राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारा माणूस म्हणजे काय असेल, असं तिला वाटलं होतं. आला तो सर्दीने बेजार झालेला एक उंच माणूस. त्याने दोन रोल खाल्ले, कृती विचारली आणि रुमालात नाक शिंकरलं. मग तिच्या मुलाने, ड्वेनने, सरळच विचारलं की कारखाना पुन्हा उघडणार का.

एस्टींनी कप खाली ठेवला. “नाही,” ते म्हणाले. “मी निवडून आलो तरी नाही. यंत्रं मेक्सिकोला गेली, ती परत येणार नाहीत. तुम्हाला दुसरं काम शिकायचं असेल तर त्याचा खर्च मी मिळवून देईन. एवढंच मी तुम्हाला कबूल करू शकतो.”

ड्वेनने कोट उचलला आणि कॉफी तशीच टाकून गेला. कारखाना गेल्यापासून तो तासभर गाडी हाकून टर्की पक्षी कापायच्या कामावर जात होता, आणि त्याची बायको टेरी टेक्सासला तिच्या बहिणीकडे जाऊन राहण्याच्या गोष्टी करत होती. टेक्सास म्हणजे नातवंडं वर्षातून एकदा दिसणार. कारखाना उघडला तर ती इथेच राहणार. अर्डिथच्या डोक्यात सारं राजकारण तेवढंच होतं.

पाहुणे गेल्यावर लोवेल कप पुसत थांबला. त्याचे डोळे चमकत होते. “अर्डी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला मोठी माणसं समजून बोललं,” तो म्हणाला. ती हो म्हणाली. खरं तर तिला एस्टींचा संताप आला होता. खोटं बोलले असते तर तिने चार शिव्या देऊन विषय सोडला असता. पण तो माणूस खरं बोलला, आणि खरं बोलायला त्याला नेमकं तिचंच स्वयंपाकघर सापडलं. मुलगा तिच्या टेबलावरून उठून गेला होता. हे लोवेलला सांगायची तिला लाज वाटली आणि ती लाज तिने तशीच मुरू दिली.

त्यानंतर सिनेटर ब्रॅनक गावात आले. बागेत एका ट्रकवर चढून त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षाच्या आत कारखान्याची दारं उघडीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्डिथनेही वाजवल्या. हातात लोकरीचे मोजे होते, त्यामुळे आवाज काही झाला नाही.

डिसेंबरात मतचाचणीवाल्यांचे फोन सुरू झाले. जेवायला बसलं की फोन वाजलाच. त्या दिवसांत आयोवातल्या माणसाचं मत राजकन्येच्या होकारासारखं जपून विचारलं जातं. एका मुलीने एस्टींबद्दल विचारलं. ते प्रामाणिक वाटतात का? खूप, बऱ्यापैकी, फारसे नाही, की अजिबात नाही? “खूप,” अर्डिथ म्हणाली. मग मुलीने विचारलं की देशाचं नेतृत्व करण्याची धमक त्यांच्यात आहे का. अर्डिथ थांबली. याचा तिने कधी विचारच केला नव्हता. “नाही,” ती म्हणाली, “ती नाही वाटत.” फोन ठेवल्यावर तिला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. मनातल्या रागाला चारचौघांत सांगता येईल असं नाव मिळालं होतं. हेही तिने लोवेलला सांगितलं नाही. पुढचे सगळे रविवार तो तिच्या टेबलावर बसून माणसं मोजत राहिला आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पाठोपाठ तिचंच नाव घेत राहिला.

“आई, इकडे,” ड्वेनने हाक मारली.

तो ब्रॅनकच्या कोपऱ्यात होता. ती गर्दी इतकी मोठी होती की कोपऱ्यात मावत नव्हती. टेरी होती, टेरीचे वडील होते. ड्वेनने हात वर केला होता. समोर, गुणफलकाखाली, लोवेल नव्या कोटात उभा होता. त्याने तिला हाक मारली नाही. तिला हाक मारायची वेळ येईल असं त्याच्या मनातही नव्हतं.

अर्डिथ भांड्यापासून निघाली आणि ड्वेनकडे गेली.

ती एकटी गेली असती तरी एस्टींचा कोपरा टिकला असता. पण गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन, ‘आधी गाजर संपव’ हे तिचं दटावणं ऐकून मोठी झाली होती. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसेल त्याच बाकावर बसणाऱ्या दोघी बहिणी लोवेलच्या बाजूला होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, पर्सा उचलल्या आणि अर्डिथच्या मागोमाग आल्या. हार्लनने शिट्टी फुंकली. मोजणी झाली. एस्टींचे आठ.

लोवेलने पुन्हा मोजलं. प्रत्येकाकडे बोट करत, ओठांतल्या ओठांत. मग त्याने व्यायामशाळेत नजर फिरवली, कुणी बाथरूमला गेलंय का बघतात तशी. आणि ब्रॅनकच्या गर्दीत त्याला अर्डिथ दिसली. तिने मान खाली घातली. अशी शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी ती उभी राहू शकली होती, आज तिला कुठेतरी बसावंसं वाटत होतं.

कोपरा मोडला की बाकीचे कोपरे त्या माणसांना ओढायला लागतात. प्रत्येक कोपऱ्याच्या वतीने एकाने मिनिटभर बोलायचं. ब्रॅनकच्या बाजूने कोण बोलणार, म्हणून टेरीच्या वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “अर्डिथलाच पुढे करा की. ती त्यांच्याकडचीच. तिचं ऐकतील.” तिने नाही म्हटलं. ड्वेनने तिच्या पाठीवर हात ठेवून हलकेच पुढे ढकललं.

ती मधोमध आली. समोर आठ माणसं. तिने मनाशी ठरवलं होतं की खरं काय ते सांगून टाकायचं: एस्टी चांगले आहेत, ब्रॅनकच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, पण माझा मुलगा तिकडे उभा आहे आणि तो दूर जाईल याची मला भीती वाटते. एवढंच तर होतं. तोंड उघडताना तिने मागे पाहिलं. ड्वेन तिच्याकडे बघत होता.

“एस्टी प्रामाणिक आहेत,” ती म्हणाली. “त्याबद्दल वादच नाही. पण देश चालवायला नुसतं प्रामाणिक असून भागत नाही. धमक लागते. ती त्यांच्यात नाही.”

माना डोलल्या. वाक्य शहाण्यासारखं होतं, टीव्हीवर म्हणतात तसलं. आपण आपल्या तोंडाने काय करून बसलो हे तिला कळत होतं, आणि तरी ती तिथेच उभी राहिली, वाक्य पचेपर्यंत.

“एक विचारू का?” लोवेल म्हणाला.

हार्लनने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

“अर्डी, ब्रॅनक खरं बोलतोय असं तुला वाटतं? कारखान्याचं?”

वर कुठेतरी हीटर घरघरत होता. लोवेलचा आवाज चढला नव्हता. रविवारी मीठ मागतो त्याच आवाजात त्याने विचारलं होतं.

“हो,” अर्डिथ म्हणाली.

लोवेल तिच्याकडे बघत राहिला. तो तिला तीस वर्षं ओळखत होता. त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती तिथेच, सगळ्यांसमोर कोसळली असती. हे त्यालाही दिसलं असणार. कारण त्याने मान डोलवली आणि म्हणाला, “बरं. मला एवढंच विचारायचं होतं.”

आठांपैकी सात जण ब्रॅनककडे आले. येता येता एकाने अर्डिथच्या दंडावर थोपटलं. लोवेल जागचा हलला नाही. हार्लन त्याच्यापाशी गेला, हळू आवाजात म्हणाला की कुठेतरी जा बाबा, एकट्याचा कोपरा धरता येत नाही, नियमाप्रमाणे शून्य लिहावं लागेल.

“मग शून्य लिही,” लोवेल म्हणाला. “मी इथंच उभा आहे.”

ब्रॅनकच्या कोपऱ्यात आनंदीआनंद झाला. कुणीतरी प्रतिनिधी म्हणून अर्डिथचं नाव सुचवलं आणि ती काही म्हणायच्या आत हात वर झाले. “छान बोललीस, आई,” ड्वेन म्हणाला. तिने त्याची बाही धरली आणि त्याला जरा बाजूला घेतलं. कारखाना उघडेपर्यंत तरी टेक्साससाठी घाई करू नका, असं तिने सुचवून पाहिलं.

ड्वेन हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, आईची कीव होती. “आई, तो कारखाना कुठला उघडतोय? सामानाचा ट्रक मार्चचा ठरलाय. टेरी रविवारी सांगणारच होती तुला.”

“मग तू इथे का उभा राहिलास?”

त्याने खांदे उडवले. “सासरेबुवांनी आणलं. आणि ऐकायला बरं वाटतं गं. तू का उभी राहिलीस?”

टेरीने त्याला हाक मारली आणि तो गेला.

लोक कोट चढवू लागले. मोजणी कशीही होवो, निघताना दुसऱ्या कोपऱ्यातल्यांशी हात मिळवायची ऑस्टर ग्रोव्हमध्ये रीत आहे. हरलेल्याने सुरुवात करायची. लोवेलला याची चांगलीच सवय होती. तो कोटाची बटणं लावून निघाला आणि ब्रॅनकच्या माणसांशी एकेक करून हात मिळवू लागला. टेरीच्या वडिलांशी, ड्वेनशी, त्या दोघी बहिणींशी. प्रत्येकाला म्हणत होता, “सभा छान झाली.” लोकही त्याला ‘पुढल्या वेळी जमेल’ म्हणत होते आणि तो हसत होता.

अर्डिथने ठरवलं की तो जवळ आला की त्याला म्हणायचं, लोवेल, मी खोटं बोलले. ती शब्द जुळवत राहिली. इतक्या वर्षांत त्याने तिच्या फरशीखालचे नळ दुरुस्त केले होते, नवऱ्याच्या आजारात तिच्याबरोबर रात्री जागवल्या होत्या, त्याची बायको गेली त्या सकाळी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला होता. हात मात्र त्यांनी कधी मिळवला नव्हता. समोरच्या घरातल्या माणसाशी कुणी हात मिळवत नाही.

लोवेल तिच्यासमोर आला आणि त्याने हात पुढे केला.

तिने तो घेतला. उबदार होता. त्याने तो घाईने सोडवून घेतला नाही. बाकीच्यांचा जेवढा वेळ धरला होता तेवढाच वेळ धरला. “सभा छान झाली,” तो म्हणाला आणि तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे वळला.