एक नंबरची खुर्ची

लातुरातल्या आमच्या क्लासच्या दाराशी त्या दुपारी चपलांचा ढीग पडला होता. संगणकाची शांती करायला उदगीरकडचे शंकरप्पा महाराज आले होते. आमच्याकडे पहिला आलेला विद्यार्थी एक नंबरच्या मशीनवर बसतो. देवणीची जगदेवी पहिली आली, आणि मशीन सराव परीक्षेत मध्येच बंद पडू लागलं. खरी सीईटी नऊ दिवसांवर, आणि पोरीचा पायगुण वाईट हे पालकांनी ठरवूनही टाकलं.

महाराजांनी जगदेवीला दाराबाहेर उभं केलं, मशीनचा डबा उघडला आणि ओल्या वाळ्याच्या पंख्यानं अर्धा तास वारा घातला. तोंडानं 'ॐ प्रोसेसराय नमः' चालूच. मशीन सुरू झालं, लोकांनी हात जोडले. मी फिजिक्स शिकवतो; माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दुरुस्तीवाल्या बिलकीसला बोलावलं. तिनं डबा बंद केला, वर्ग बसवून सराव परीक्षा लावली. एक नंबरची खुर्ची तेवढी रिकामी ठेवली. एकोणिसाव्या मिनिटाला मशीन बंद. तिनं लगेच झाकण काढून तापमान मोजायची गन आत रोखली.

"प्रोसेसर ठीक हाय, सर. त्याला करंट देणारे हे बारके काळे पार्ट बघा. एकशे सोळा डिग्री."

पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून संचालक अमृतरावांनी या मशीनचा वेग कंपनीनं ठरवल्यापेक्षा वाढवून घेतला होता. वर सगळ्या वर्गाचं कॅमेरा रेकॉर्डिंग त्याच्यावरच. थंडीत निभलं, मे महिन्यात नाही. पार्ट फार तापले की बोर्ड बंद पडतो. झाकण काढून अर्धा तास वारा घातला की निवतो. बिलकीसनं वेग मूळ जागी आणला. तासभर परीक्षा चालली, आकडा ऐंशीच्या वर गेला नाही. हा आपल्याच शांतीचा गुण, असं सांगून महाराज निघून गेले.

मी आनंदानं दाराशी गेलो. जगदेवीनं दारातून सगळं पाहिलं होतं.

"खुर्ची रिकामी होती, पाहिलंस ना?"

"हाव सर. पण मी दारात उभी व्हते न्हाई का?"

मी खूप समजावलं. ती मान हलवत राहिली. संध्याकाळी वडिलांबरोबर देवणीला गेली, आणि सीईटीला बसलीच नाही.

मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मी वर्गातच होतो. मी मोजलं नाही. तुम्ही मोजा, त्याच दिवशी मोजा, कुणाच्या लेकरावर ठपका ठेवायच्या आधी.