बंद दुकानाचं गिऱ्हाईक

सासऱ्याचं मिटलेलं दुकान सुनेनं परस्पर उघडावं, तेही सासूला न विचारता, आणि तेही कुठे तर हवेत, ही कुठली रीत म्हणायची? थोरल्या बाईंना याचा पत्ताही लागला नसता. कपाट वाजलं म्हणून कळलं.

दुपारची वेळ. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं आणि थोरल्या बाईंचा नुकताच डोळा लागला होता. तेवढ्यात कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली, काहीतरी गुणगुणायला लागलं. तो ह्यांचा फोन होता. हे जाऊन वर्ष उलटलं, तरी थोरल्या बाई तो चार्ज करून ठेवत आणि मुलाकडून वेळच्या वेळी रिचार्जही करून घेत. कशाला, असं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. ते असतानाही त्या नंबरावर कुणी फोन केला नाही, तर आता कोण करणार होतं?

अर्धवट झोपेतच त्यांनी तो कानाला लावला.

"छत्रीवाले आहेत का?" पलीकडे कुणीतरी वयस्क गृहस्थ होते.

नाहीत, असं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "बाहेर गेलेत."

"माझी एक छत्री राहिलीय त्यांच्याकडे. फार वर्षं झाली. आज फोनवर शोधलं तर तुमचं दुकान सगळ्यात वर आलं. उघडं आहे असं लिहिलंय. येऊ का?"

"या," थोरल्या बाई म्हणाल्या. फोन हातातच धरून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्यांची झोप साफ उडाली होती.

धाकटी सून वाटाणे सोलत होती. समोर लॅपटॉप उघडा.

"ह्यांचं दुकान कुणी उघडलं?"

धाकटीचं बोट शेंगेतच थांबलं. "आई, खरंखुरं नाही उघडलं. सरावासाठी केलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा कुणाचं नाव वर दिसतं, कुणाचं तळाशी जातं. वर आणायचीही एक विद्या असते आणि ती धाकटी घरबसल्या शिकली होती. बाळंतपणात नोकरी सुटली ती सुटलीच. आता जिथं जावं तिथं एकच प्रश्न, आजवर कुणाला वर आणलंत ते दाखवा. दाखवायला काही नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून दाखवायला काही नाही. उद्या एका ठिकाणी बोलावलं होतं. तिथं दाखवायला म्हणून हे दुकान.

"चालत्या दुकानावर शिकायचं म्हणजे चुकलं तर त्यांचं नुकसान. आपलं बंदच होतं. बंद दुकानाचं काय बिघडणार? फोन नंबर टाकल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून पाटीवरचा टाकला. तो अजून चालू असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"म्हणजे न्हावी आधी भोपळ्यावर हात बसवतो, तसं," थोरल्या बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा भोपळा केलास."

धाकटीला हसू आलं. तिनं ते वेळीच गिळलं.

"आणि लिहिलंयस काय त्यात?"

धाकटी वाचू लागली. वाऱ्यानं छत्री उलटी झाली तर ओढाताण करू नका, आहे तशी घेऊन या. मोडलेली काडी फेकू नका, तिच्या मापाची दुसरी बसवता येते. मूठ हाताला आवडली पाहिजे, डोळ्यांना नंतर.

थोरल्या बाई ऐकत राहिल्या. हे शब्द त्यांचेच होते. थंडीचे सगळे दिवस ही पोरगी शेजारी बसून विचारत होती, बाबा काडी कशी बसवायचे, मूठ कशी निवडायचे. सुनेला सासऱ्याची आठवण येते, असं वाटून त्यांनी पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं होतं.

"मला वाटलं, तू त्यांच्यासाठी विचारतेस."

"दोन्ही होतं, आई."

"दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या मधे पडतो. आजच्या आज सगळं पुसून टाक."

धाकटी रडली नाही की तिनं वाद घातला नाही. "पुसते," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळली. फक्त दाणे सालांच्या ढिगात पडत होते आणि सालं पातेल्यात.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. थोरल्या बाईंनी आतल्या दाराची कडी काढली आणि शटर वर ढकललं. ऊन आत शिरलं आणि छताकडे पाहून जणू थबकलं. लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेल्या छत्र्या तिथं टांगलेल्या होत्या, कापड चिकटू नये म्हणून अर्ध्या उघडून ठेवलेल्या. ऊन त्यांच्यातून गाळून खाली उतरलं. स्टूल हिरवं झालं, भिंत गुलाबी झाली, थोरल्या बाईंचे हात निळे झाले. वारा आला तसे सगळे रंग सावकाश जागा बदलू लागले. पाण्याच्या तळाशी उभं राहिलं तर असंच दिसत असेल.

त्या स्टुलावर हे बसत आणि रस्ता बघत. गिऱ्हाईक फिरकायचं नाही. हातातलं काम आठवडाभर हातातच.

"कुणाच्या बापाची धुडं जपून ठेवलीत ही?" थोरल्या बाई विचारत.

"येईल माणूस."

"पुढच्या जन्मी."

"मग तेव्हा नेईल." असं म्हणून ते पुन्हा काडीकडे वळत. या माणसाशी भांडायचं म्हणजे उशीवर बुक्क्या मारायच्या.

फोनवरचे गृहस्थ आले. उंच, पाठीत वाकलेले, डोक्यावर टोपी. दारात उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

"ती. बदकाच्या तोंडाची मूठ आहे ना, ती."

धाकटीनं स्टुलावर चढून छत्री उतरवली. गृहस्थांनी ती आधी मिटली आणि मग खटका दाबला. छत्री एका दमात उघडली, सगळ्या काड्या ताठ, एकही कुरकुरली नाही.

"माझी बदली झाली आणि शहर सुटलं," ते म्हणाले. "परत आलो तर रस्त्याचं नाव वेगळं, दुकानं वेगळी. त्यांचं नाव काही मला ठाऊक नव्हतं. मग आठवलं तेवढंच फोनात लिहिलं. फार सावकाश काम करणारे छत्रीवाले. तसं दुकान तुमचं एकच निघालं."

थोरल्या बाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, आई," धाकटी हळूच म्हणाली. "एवढा सावकाश माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. बाकी सगळे झटपट, झटपट लिहितात. मी लिहिलं, इथे काम फार सावकाश होतं."

गृहस्थ मुठीवरून अंगठा फिरवत होते. "कधी येतील ते? भेटून जावं म्हणतो."

बाहेर गेलेत, हे पुन्हा म्हणणं अवघड नव्हतं. रंग तसेच हलत होते, स्टूल तसंच होतं.

"नाही यायचे," थोरल्या बाई म्हणाल्या. "वर्ष झालं जाऊन. मघाशी जीभ वळली नाही."

गृहस्थांनी टोपी काढली. छत्री मिटत म्हणाले, "त्यांचं काम वेळेत झालं होतं हो. उशीर मलाच झाला."

आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, तरी जाताना त्यांनी छत्री उघडली. भर उन्हात ती काळी छत्री संथपणे रस्त्यानं निघाली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी थोरल्या बाई शटरला हात लावून तिथंच बघत उभ्या होत्या.

मागं धाकटी आपला फोन घेऊन उभी होती. बोट हवेत थांबलेलं. "आई, हे विचारतंय. सगळं पुसायचं, की तात्पुरतं बंद लिहायचं, की कायमचं बंद."

थोरल्या बाईंनी स्टुलावरची धूळ हातानं झाडली आणि त्यावर बसल्या. हात पुन्हा निळा झाला. ह्यांचा फोन त्यांनी मांडीवर ठेवला.

"पुसू नकोस. कायमचं बंद लिही. उगाच लोकांना उन्हातान्हात चालायला लावायचं नाही. आणि उद्या त्या मंडळींना ताठ मानेनं सांग, उघड्या दुकानात गिऱ्हाईक कुणीही आणेल, मी बंद दुकानात आणलं. पटलं नाही, तर त्यांना म्हणावं, पाटीवरच्या नंबराला फोन लावा. माझी सासू उचलेल."