काजळीचं माप

हवेतली काजळी मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम. गल्लीत तिला सगळे काजळीबाई म्हणायचे आणि तीही हसून ओ द्यायची. गल्ली तिच्या वडिलांची, आप्पांची. पलीकडच्या लोखंडाच्या भट्टीत त्यांनी उभी हयात घालवली होती आणि उरलेली खाटेवर बसून खोकण्यात घालवत होते. वारा फिरला की भट्टीचा धूर सरळ घरात. दोरीवरचे कपडे काळवंडायचे, दुधाच्या सायीवर करडी पूड बसायची.

तक्रारी करून गल्ली थकली होती. दर वेळी वरून एकच उत्तर, पुरावा आणा. शेवटी तिनेच आपल्या कचेरीतल्या साहेबांच्या मागे लागून तिथलं यंत्र आप्पांच्या गच्चीवर बसवून घेतलं. गल्ली हरखून गेली. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशीने तर यंत्राला ऊन लागू नये म्हणून कापडी आडोसा शिवून दिला. यंत्र पंपाने हवा ओढायचं, ती पांढऱ्या फितीतून गाळली जायची आणि फितीवर ठिपका उमटायचा. ठिपका जेवढा काळा, तेवढी काजळी जास्त.

"आमच्या छातीतही असंच बसतं का गं?" मावशीने विचारलं.

"असंच. पण तिथली फीत बदलता येत नाही, मावशी."

मावशी काही हसली नाही.

आकडे आले ते डोळे पांढरे करणारे. अहवाल लिहिताना तिने एक शब्दही मवाळ केला नाही. "आता भट्टीवाल्यांची खैर नाही," असं आप्पांना छातीठोकपणे सांगूनही टाकलं.

हुकूम निघाला तेव्हा साहेबांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. ही गल्ली माणसांनी राहण्यालायक नाही, रहिवाशांना शहराबाहेरच्या इमारतींत हलवावं.

"आणि भट्टी?"

"भट्टी कशी हलवणार? शेकडो माणसं कामाला आहेत तिथे."

"मी धुराड्याला गाळणी बसवा असं लिहिलं होतं, साहेब."

"ती तुमची शिफारस. आकडे मात्र बिनतोड आहेत हं. कोर्टातसुद्धा कुणी हलवू शकणार नाही."

आणि तसंच झालं. तिने अर्ज केले, वकील गाठला, गल्लीतल्या लोकांना घेऊन दारोदार फिरली. जाईल तिथे समोरचा माणूस तिचाच अहवाल तिच्यापुढे सरकवायचा.

मावशीची सगळी गिऱ्हाइकं गल्लीतली. शिवणयंत्र टेम्पोत चढवताना ती एवढंच म्हणाली, "तुला धूर हटवायला सांगितलं होतं गं. तू आम्हालाच हटवलंस."

आप्पांचे भट्टीतले सोबती कोण कुठल्या इमारतीत, कोण कुठल्या मजल्यावर गेले. "माझ्याकडे चला, आप्पा," ती म्हणाली. "तिथली हवा चांगली आहे."

"हवेशी काय बोलायचं मी?" आप्पा म्हणाले, आणि थोरल्या मुलाकडे निघून गेले.

घरं पाडायला लागले तशी साहेबांनी तिला यंत्र उतरवून आणायला पाठवलं. "आता राहतंय कोण तिथे? कुणासाठी मोजायचं?" धूर तेवढाच होता. तिने पंप बंद केला, नळी गुंडाळली आणि यंत्र स्वतःच खाली आणलं. पुढे त्या जागेवर भट्टीचं गोदाम उभं राहिलं.

एका सुट्टीच्या दिवशी तिने भावाकडे फोन लावला. वहिनीने उचलला.

"आप्पा काय करतायत?"

पलीकडून खोकला ऐकू आला, मग आप्पांचा आवाज, "झोपलोय म्हणून सांग."

वहिनी जरा घुटमळली. "झोपलेत, वन्सं."

"बरं," ती म्हणाली. "उठवू नका."