आत्याचा गळा, माझी मान

मी एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म आहे. टोनआर्म म्हणजे तो वाकडा दांडा, जो रेकॉर्डवर अलगद सुई टेकवून गाणं वर काढतो. मित्रांनो, खाली मान घालणं हेच माझं काम. त्यामुळे मी शरमलो आहे की नुसता वाजतो आहे, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. म्हणून तोंडानं सांगतो. मी शरमलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं धातूची नळी तापवून, साच्याभोवती वळवून मला घडवलं. पाठीमागे वजन लावून तोललं आणि फुंकर मारली. मी तरंगलो. "झकास!" तो म्हणाला. मग शेजाऱ्याकडे वळून माझ्यासमोरच म्हणाला, "फक्त अंगानं जरा जड आहे. याला मऊ कार्ट्रिज लावू नका, पेलणार नाही." कार्ट्रिज म्हणजे सुईची इवलीशी डबी. ती माझ्या डोक्याला दोन स्क्रूंनी बसवतात. जड दांड्याला ताठ सुई, हलक्याला मऊ, अशी जोडी जमवावी लागते. ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. कारखान्याबाहेर ती कुणालाच ठाऊक नाही, हे मला नंतर कळलं.

मी ज्या घरात आलो, तिथे दोघं भावंडं राहायची. थोरला दादा आणि धाकटी बहीण. पुढे दादाला मुलगी झाली, ती आत्या आत्या करायला लागली आणि बघता बघता अख्खी गल्ली बहिणीला आत्या म्हणू लागली. एकदा चुकून दादासुद्धा म्हणाला.

आत्या गायची. तरुणपणी तिची एक रेकॉर्ड निघाली. एका बाजूला तिची चार गाणी, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी व्हायोलिन. रेकॉर्ड घरी येणार म्हणून दादानं हौसेनं नवं कार्ट्रिज आणलं, दुकानातलं सगळ्यात नाजूक, सगळ्यात मऊ. खोक्यात एक रेघांचा कागद होता. त्यावर सुई टेकवून कार्ट्रिज सरळ बसलंय की नाही ते बघायचं असतं. दादानं त्यावर चहाचा कप टेकवला. कार्ट्रिज नजरेच्या अंदाजानं मागे रेटून, तिरकं असतानाच स्क्रू आवळले.

"बसलं ना? झालं तर."

मी पहिल्याच रेकॉर्डवर उड्या मारल्या, कारण आमची जोडीच विजोड होती. तेव्हा दादानं शर्टाचं एक बटण तोडून चिकटपट्टीनं माझ्या डोक्यावर चिकटवलं. उड्या थांबल्या. बिचारी सुई त्या ओझ्याखाली पोट टेकायला आली. त्या दिवसापासून मी आणि दादाचा शर्ट, दोघंही सभ्य माणसांसमोर यायच्या लायकीचे राहिलो नाही.

मग आत्याची रेकॉर्ड लागली. शेजारीपाजारी जमले होते. पहिली तीन गाणी सुरेख झाली. मित्रांनो, रेकॉर्डच्या कडेला, सुई जिच्यातून धावते त्या खाचेचं वळण ऐसपैस असतं, तिथे वाकडी मान खपून जाते. मधल्या लेबलजवळ ते वळण आवळत जातं. चौथ्या गाण्यात आत्याचा स्वर वर चढला आणि माझी तिरकी सुई खाचेच्या भिंतीला घासली. स्वर टराटरा फाटला.

शेजारीण म्हणाली, "गळा बसला होता का गं तेव्हा?"

"तिथे तर नीट वाटलं होतं," आत्या म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "बसला असेल."

बाकीच्या रेकॉर्डी शेवटपर्यंत कुणी ऐकायचंच नाही. कुणी जेवायला उठायचं, कुणाला दार उघडायचं असायचं. आत्याची मात्र सगळे श्वास रोखून ऐकायचे, आता फाटेल, आता फाटेल म्हणून. चौथं गाणं लागलं की दादा मोठमोठ्यानं हवेबद्दल बोलायचा आणि आत्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. मी दर वेळी तोच स्वर तिथेच फाडायचो. हळूहळू तिनं गाणं सोडलं. आंघोळ करतानासुद्धा ती गप्प असायची. पाहुणे मात्र यंत्राचं कौतुक करायचे. "मशीन काय दणकट आहे हो!" त्या कौतुकाइतकं मला तेव्हा दुसरं काहीच लागलं नाही.

दादाची मुलगी मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली. दुसऱ्यांच्या दवाखान्यात काही वर्षं काम करून तिनं स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं आणि आत्याकडे हट्ट धरला.

"उद्घाटनाला तू गायचंस. ते चौथं गाणं."

"दवाखान्यात लोक आधीच कण्हत असतात," आत्या म्हणाली. "त्यात माझी भर कशाला?"

भाची हसली नाही. तिला आत्याच हवी होती, आणि आत्या तयार होईना. दोन दिवसांनी एका पेशंटनं तिला एका नावाजलेल्या गायिकेची नवीकोरी रेकॉर्ड भेट दिली. ती माझ्यावर लागली. त्या दिवशी कुणाला दार उघडायचं नव्हतं. शेवटच्या गाण्याला त्या बाईंचाही स्वर टराटरा फाटला.

"हिचाही गळा बसला वाटतं," दादा म्हणाला.

"बाबा, सगळ्या बायकांचा गळा लेबलजवळच कसा बसतो?"

ती उठली आणि दवाखान्याची पेटी घेऊन आली. दात बघायचा छोटा आरसा तिनं माझ्या डोक्याखाली धरला, वरून दिवा पाडला आणि सवयीनं म्हणाली, "आ कर." मला तोंड उघडता येत नाही, पण मी प्रयत्न केला.

"अगं बाई! केवढं वाकडं उगवलंय हे!"

तिनं बटण उपटलं. मऊ कार्ट्रिज काढून टाकलं, माझ्या वजनाला झेपेल असं ताठ आणलं. चहाचा गोल डाग पडलेला तो कागद शोधून रेकॉर्डच्या जागी घातला. कागदावरच्या दोन्ही खुणांवर सुई टेकवून डबीच्या कडा रेघांना समांतर आहेत का ते आरशात बघितलं, केसभर सरकवलं, पुन्हा बघितलं. सगळे बघत होते. भर खोलीत आपली मान किती वाकडी होती ते असं मोजलं जाणं, मित्रांनो, कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

त्या गायिकेची रेकॉर्ड पुन्हा लागली. शेवटचं गाणं स्वच्छ वाजलं.

आत्या खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली. "म्हणजे माझा गळा नव्हता?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "कार्ट्रिज मी बसवलं होतं."

"दादा, तू कार्ट्रिज बसवलंस आणि बसला माझा गळा!"

दादाला हसावं की रडावं ते कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

भाचीनं घाईघाईनं आत्याची रेकॉर्ड लावली. तीन गाणी अशी वाजली, जशी मी जन्मात वाजवली नव्हती. मग चौथं आलं, स्वर चढला आणि टराटरा फाटला.

भाची पुन्हा आरसा घेऊन धावली. पण आता मी सरळ होतो. त्या जागची खाचच धड उरली नव्हती. इतकी वर्षं घासून घासून ती मीच खाऊन टाकली होती. आता कितीही सरळ वागलो, तरी ती भरून येणार नव्हती. भाचीला ते कळलं. ती आरसा हातात धरून तशीच उभी राहिली.

आत्यानं पुढे येऊन बोटानं मला उचललं. रागानं नाही, तापलेल्या पोराला उचलावं तसं. मला बाजूच्या खोबणीत ठेवलं, घसा खाकरला आणि ते गाणं स्वतः म्हटलं. आवाज थोडा जाड झाला होता. दोनदा श्वास तुटला. पण जिथे मी फाडत होतो, तिथे तो अख्खा वर गेला आणि तिथेच थांबून राहिला. त्या वेळी दादानं हवेबद्दल काही म्हटलं नाही.

"येशील ना मग?" भाचीनं विचारलं.

"येते. पण तुझी दात कोरायची मशीन बंद ठेव. ती माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गाते."

मला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला मोजून बसवा आणि त्याच्या वजनाची जोडी द्या. कुणाचा स्वर फाटला असं वाटलं, तर त्या माणसाला काही विचारण्याआधी खाली वाकून आमची मान तपासा. आणि मी तुमच्या घरी आलोच, तर इतर सगळं माझ्याकडून वाजवून घ्या. आत्याचं चौथं गाणं आलं की मात्र मला उचलून ठेवा. ते वाजवायला मला तोंड उरलेलं नाही.