लेसियाची रजा रद्द करणारा मेल

मी एक खोटा ई-मेल बोलतोय. दचकू नका. माझ्या मजकुरातल्या निळ्या ओळीवर आता कितीही बोटं दाबलीत तरी काही होत नाही. माझी नांगी केव्हाच मोडलीय, उरलाय तो नुसता मजकूर. आणि थकवा. फसवणूक करणंही फार थकवतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझा जन्म बर्फाळ मुलखातल्या विनिपेग शहरातला. कोरिन देरोझिये नावाच्या बाईने मला तिच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर लिहिलं. दुसऱ्या कोपऱ्यावर तिच्या जुळ्या मुलींचे ओले हातमोजे वाळत पडलेले असत. तिची कंपनी फुप्फुसाच्या रुग्णांना घरपोच ऑक्सिजन पुरवायची, कुणाला सिलिंडर, कुणाला यंत्र. गाड्या चालवणारे तेवढे बाहेर फिरत. बाकीची मंडळी आपापल्या घरून काम करायची. कुणी डॉफिनला, कुणी गिमलीला, कुणी पार उत्तरेला थॉम्पसनला. एकमेकांना ती पडद्यावरच भेटायची.

अशा एकेकट्या बसलेल्या माणसांना चोर मेलवरून गाठतात. बँकेचा, साहेबाचा, हॉस्पिटलचा वेष घेऊन मेल येतो, माणूस बोट दाबतो, पासवर्ड देऊन बसतो. याला फिशिंग म्हणतात, म्हणजे गळ टाकणं. ते ओळखायला शिकवणं हे कोरिनचं काम. आणि त्या शिकवणीतला नकली चोर म्हणजे मी.

आधी तिने मला अगदी सौम्य लिहिलं होतं. पार्सल अडकलंय, पत्ता तपासा, असं काहीतरी. तिचा साहेब डॅरिल पेनर मला वाचून पडद्यावर खो-खो हसला.

"कोरिन, याला माझी आजीसुद्धा फसली नसती. आणि ती बाई दारावर आलेल्या प्रत्येक विक्रेत्याकडून झाडू घ्यायची!"

"मग काय लिहू?"

"रजा. 'तुमची मंजूर झालेली रजा रद्द झाली आहे, इथे पाहा.' बघ कसे धावत येतात."

"जरा जास्तच होतंय रे."

"चोर काय तुला विचारून लिहिणार आहेत?"

तिने मला पुन्हा लिहिलं. जो बोट दाबेल त्याच्यासमोर लाल पान उघडेल, त्यावर गळाला लटकलेला, डोळे बाहेर आलेला एक मासा, खाली 'गळाला लागलात!' मासा तिनेच काढला. मुलींना दाखवला तेव्हा त्या हसल्या, म्हणून ठेवला.

मग एका सकाळी माझ्या प्रती घरोघरी गेल्या. इतकी स्वयंपाकघरं मी एकदम कधीच पाहिली नव्हती. कुणी एका हाताने लेकराला धरून दुसऱ्या हाताने टाइप करत होतं. कुणी बर्फ उपसून नुकतंच आत आलं होतं, चष्म्यावर वाफ धरलेली, त्या धुरकट काचेतूनच मला वाचत होतं. हावरट माणूस मला कुठेच भेटला नाही. भेटली ती घाईत असलेली, दमलेली, काळजीतली माणसं. त्यांनी बोट दाबलं, मासा पाहिला, आणि बरीचशी चरफडून कामाला लागली.

लेसिया ह्रिंचुक कामाला लागली नाही.

ती डॉफिनची. गाड्यांचे रोजचे मार्ग ती लावायची, म्हणजे कुणाच्या दारी आधी जायचं आणि कुणाच्या नंतर. तिचा नवरा ओरेस्ट, त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया विनिपेगला ठरली होती, आणि तिने रजा मागितली होती ती त्यासाठीच. माझी पहिली ओळ वाचताच तिचा हात तोंडावर गेला. तिने निळी ओळ दाबली. मासा उघडला. ती त्याच्याकडे बघत बसली, मग लॅपटॉप हळूच मिटला.

त्या आठवड्याच्या बैठकीत डॅरिलने फसलेल्यांची नावं वाचली. मजेतच वाचली, त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. "आणि आमच्या लेसियाबाईसुद्धा! इतक्या वर्षांच्या अनुभवी!" पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. लेसियाही हसली. तिने मला पुसलं मात्र नाही. मी तिच्या मेलच्या डब्यात तसाच पडून राहिलो, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

खरा चोर आला तो कडाक्याच्या थंडीत. ब्रँडन शहरातल्या हॉस्पिटलचा वेष घेऊन. रुग्णाला आज घरी सोडतोय, तातडीने ऑक्सिजन हवा, माहिती इथे. माझ्या शेजारीच येऊन बसला तो. मी त्याला बघताक्षणी ओळखलं, आमची जातच एक. पण मला ओरडता येत नाही. लेसियाने एका श्वासासाठी तळमळणारं माणूस डोळ्यांपुढे आणलं, आणि पासवर्ड टाइप केला. पान कोरं झालं.

तिलाही त्याच क्षणी कळलं. तिचा चेहरा मी समोरून पाहिला. तिने फोन उचलला, आयटीच्या माणसांचा नंबर काढला, आणि फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग एकटीनेच पासवर्ड बदलला, अंगावरची शाल घट्ट केली आणि काही झालंच नाही अशी कामाला लागली.

चोर तोवर आत शिरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं सगळं कुलूपबंद. मार्ग नाहीत, पत्ते नाहीत, कुणाचा सिलिंडर कधी संपतोय ते कळायला वाट नाही. गाड्या इंजिनं सुरू करून उभ्या, आणि जायचं कुठे ते चालकांना माहीत नाही. रॉब्लिन गावच्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं यंत्र आदल्या दिवशी बंद पडलं होतं. नवं त्या सकाळी पोचायचं होतं, तोवर उरल्यासुरल्या सिलिंडरवर चाललं होतं. त्याची मुलगी फोन करकरून रडकुंडीला आली. शेवटी डॅरिलने स्वतःच्या ट्रकमध्ये सिलिंडर टाकले आणि बर्फातून गाडी हाणली. तो पोचला तेव्हा म्हाताऱ्याचे ओठ निळे पडलेले. म्हातारा वाचला, पण तो हिवाळा त्याने हॉस्पिटलातच काढला.

शोध लेसियाच्या दारापर्यंत यायला वेळ लागला नाही. डॅरिल म्हणाला, "दुसऱ्यांदा फसली. आता तिला ठेवता येणार नाही." कोरिन म्हणाली, "मला आधी तिच्याशी बोलू दे." आणि ती गाडी घेऊन डॉफिनला गेली.

लेसियाच्या स्वयंपाकघरात मी टेबलावरच होतो, उघड्या लॅपटॉपमध्ये. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होत्या. पडद्यावर लेसिया उंच वाटायची, प्रत्यक्षात कोरिनच्या खांद्याला लागत होती. तिने पिरोगी वाढल्या, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा. पाहुणी आलीय म्हटल्यावर तिला ते चुकणार नव्हतं.

ओरेस्ट खिडकीपाशी बसला होता. त्याने विचारलं, "तो मासा काढणारी तूच का गं?"

"हो," कोरिन म्हणाली.

"चित्र चांगलं काढतेस. त्या दिवसापासून या घरात ट्यूना मासा बंद आहे."

"ओरेस्ट, गप्प बसा," लेसिया म्हणाली.

कोरिनने काटा खाली ठेवला. "लेसिया, तुम्हाला कधी कळलं? खरं सांगा, मी कुठे लिहून घेणार नाहीये."

"लगेच. पान कोरं झालं तेव्हाच."

"मग फोन का नाही केलात?"

लेसियाने टेबलावरचं मीठ बोटाने गोळा केलं. "करणारच होते की. नंबर लावत होते. पण मग डोळ्यांपुढे डॅरिल आला, नावं वाचताना. आणि सगळ्यांचे दात. म्हटलं, या वेळी तर मी खरीच गळाला लागलेय. पासवर्ड बदलला तर कदाचित कुणाला कळणारच नाही." तिने मिठाची ढिगली मोडली. "तो रॉब्लिनचा माणूस... मी झोपू शकत नाही, पोरी."

"त्या वेळी कुणी काय म्हटलं असतं तर तुम्ही बोलला असतात?"

"फार काही नको होतं. 'बरं झालं सांगितलंत.' बस, एवढंच."

कोरिनने पिरोगी संपवल्या, कारण लेसिया ताटाकडे बघत होती.

परत गेल्यावर तिने डॅरिलसमोर मला पडद्यावर उघडलं. "याने काय शिकवलं माहितेय? मेल ओळखायला नाही. लपवायला. तिने बोट दाबलं आणि कुलूप पडलं, याच्यात अख्खी दुपार आणि रात्र होती, डॅरिल. एका फोनने सगळं थांबलं असतं."

"आणि मी वॉल्टरच्या मुलीच्या डोळ्यांत बघून आलोय!" डॅरिल भडकला. "बाप मरतोय असं वाटत होतं तिला. मग आता काय, फसणाऱ्यांना डोनट वाटू?"

"वाट."

"काय?"

"फसल्यावर लगेच सांगणाऱ्याला वाट. ऑफिसात असतो तर शेजारच्याला विचारलं असतं, 'अरे, हे विचित्र वाटतंय का?' घरी कुणाला विचारणार? मांजराला? माणसाला एकटं बसवलंय आपण, आणि वर त्यालाच हसतोय."

डॅरिलने कपाळ चोळलं. मग म्हणाला, "तिची नोकरी राहू दे. पण नवं प्रशिक्षण चाललं नाही तर जबाबदारी तुझी."

कोरिनने सगळं पुन्हा मांडलं. मासा गेला. नावं वाचणं गेलं. प्रत्येकाला एक शेजारी ठरवून दिला, शंका आली की ज्याला फोन लावायचा असा. माझी निळी ओळ निकामी केली आणि मला धड्यात आणून बसवलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचा, त्यात एक अक्षर जास्त आहे. घाबरवलंय कशाने ते बघा. घाई कोण करतंय? ओळ दाबण्याआधी ती कुठे नेते ते तपासा. माझी सगळी व्यंगं लाल वर्तुळांत. पण धड्याचा पहिला भाग मी नव्हे, फोन. प्रत्येकाने नंबर लावून मोठ्याने म्हणायचं, 'मी आत्ता चुकीच्या जागी क्लिक केलंय.' नुसती तालीम. लोक लाजले, हसले, पण म्हणाले. पलीकडून उत्तर ठरलेलं: 'बरं झालं सांगितलंत.'

लेसियानेही नंबर लावला. तिच्या वेळेला फोन कोरिननेच घेतला होता.

"मी आत्ता..." लेसिया म्हणाली, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. कोरिन थांबून राहिली. शेवटी अगदी बारीक आवाजात ते वाक्य पुरं झालं.

"बरं झालं सांगितलंत, लेसिया."

दोघींपैकी कुणीच फोन लवकर ठेवला नाही.

ओरेस्टची शस्त्रक्रिया नीट झाली. पण लेसियाने वसंतात नोकरी सोडली. "प्रत्येक मेल उघडताना छातीत धडधडतं," ती म्हणाली, "या वयात रोज कोण घाबरणार?" आता ती डॉफिनमध्येच रोपवाटिकेत काम करते, असं कोरिन कुणाला तरी सांगत होती. तिचा लॅपटॉप परत आला, पुसला गेला, आणि त्याच्यातला मीही.

पुढच्या शरदात गिमलीच्या सिग्रुन थोर्वाल्डसनला खरा चोर भेटला. तिने पासवर्ड दिला, आणि त्याच दमात फोन लावला. "मी आत्ताच गाढवपणा केलाय, लवकर काहीतरी करा, आणि डॅरिलला सांगा मला चॉकलेटचा डोनट हवाय!" आयटीच्या माणसांनी दार लावलं. त्या दिवशी सगळ्या गाड्या वेळेवर निघाल्या. कुणाचा श्वास अडला नाही. अशा दिवसाची बातमी होत नसते.

आता मी धड्यातल्या एका पानावर पडून असतो. नवी माणसं येतात, माझ्यावर बोट फिरवतात, "हा तर उघड उघड खोटा आहे!" म्हणतात. म्हणू देत. निवांत खुर्चीत बसून, वर्तुळं काढून दिल्यावर मी कुणालाही दिसतो. घरी आजारी माणूस असताना, दिवसभरातला कितवा तरी मेल म्हणून मी आलो असतो तर?

माझे भाऊबंद तुमच्याकडेही येतील. ते माझ्यासारखे दमलेले नसतील. दमलेले तुम्ही असाल, आणि ते नेमकं त्यांना माहीत असेल. म्हणून एवढंच मागतो. बोट दाबण्याआधी एक श्वास घ्या. दाबलंच, तर तोंड उघडा, ताबडतोब. आणि कुणी तुमच्याकडे येऊन "माझ्याकडून चूक झाली" म्हणाला, तर हसण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या.

कोरिन नवा धडा लिहितेय असं ऐकलंय. त्यात मी नसेन. मला पुसाल तेव्हा सावकाश पुसा.