खाली सरकलेली लाल रेघ

मी टाकी आहे. नाक मुरडू नका. पाणी साठवणारी नव्हे, पाणी गाळणारी. इथं मांगिस्ताऊच्या माळावर तेलाच्या विहिरी आहेत. तेलाबरोबर जे खारट, घाण पाणी वर येतं, ते माझ्या डोक्यावर ओततात. माझ्या पोटात मोहरीएवढे लाखो पिवळे मणी आहेत. पाण्यातलं लोखंड, निकेल, शिसं ते धरून ठेवतात आणि पाणी तेवढं खाली सोडतात.

मणी भरले की मला आम्लानं धुवायचं. सगळा धातू त्या धुवणात उतरतो, पिंपांत भरून कारखान्याला जातो, तिथं पुन्हा कामी येतो. मी मोकळी होऊन परत नव्या पाण्याला तयार. बाई गं, काय सुख असतं त्या दिवशी!

माझी उमेदीची वर्षं तिलेगेनच्या हाताखाली गेली. तोंडाचा फटकळ, हाताचा जपून. माझ्या पोटाला उभी काच आहे. मणी भरत जातात तसा तांबूस पट्टा काचेतून खाली खाली उतरताना दिसतो. तळापासून दोन विती वर, चौकटीवर, तिलेगेननं लाल रेघ मारली होती.

"पट्टा रेघेला टेकला की धुवायचं," तो नव्या माणसांना दरडावायचा. "खाली जागा दिसतेय म्हणून थांबायचं नाही. पट्टा तळाला पोचायच्या आधीच शिसं निसटायला लागतं, ते काय तुमची परवानगी मागून जाणार आहे?"

माझं गाळलेलं पाणी भिंतीपलीकडच्या तळ्यात जातं. तिथं शारिपा आजी तिच्या उंटिणी घेऊन येते. नवरा गेल्यापासून पाच उंटिणी हाच तिचा संसार. त्यांच्या दुधाचा आंबट शुबात विकून ती जगते.

"तिलेगेन, पाणी बरं आहे ना रे?" ती रोज विचारायची.

"उंटांना बरं आहे, वहिनी. तुझ्या चहाला नको नेऊस, नाहीतर मला शिव्या घालशील."

मग तिलेगेन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी येर्मुखान आला. माणूस वाईट नाही हो, उलट फार टापटिपीचा. पण वरचे साहेब येणार असं कळलं आणि आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की जे होतं तेच झालं. रंगाचे डबे निघाले. फाटक रंगवलं, नळ रंगवले, रस्त्याकडेचे दगडसुद्धा रंगवले! मला आकाशी रंग दिला. काच पुसली, चौकट रंगवली आणि तिलेगेनची रेघ त्या रंगाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी येर्मुखाननं पट्टी लावून नवी रेघ मारली. अगदी सरळ. कुठं? काच जिथं संपते तिथं!

"म्हाताऱ्यानं मधेच कशाला मारली होती कोण जाणे," तो म्हणाला. "दोन विती मणी फुकट जात होते."

मी काय करणार? मला वाचा नाही. आता पट्टा त्या रेघेपर्यंत उतरतो तेव्हा माझा एकही मणी रिकामा नसतो. येईल ते शिसं मी तसंच खाली सोडते. पाणी मात्र पूर्वीसारखंच नितळ दिसतं. तपासणीची बाटली महिन्यातून एकदा भरतात, तीही धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी खरंच स्वच्छ असते.

शरद ऋतूत तिलेगेनला मेजवानीला बोलावलं. त्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, सुटले! तो माझ्याकडे आला, आकाशी रंगावर तळवा ठेवून म्हणाला, "अरे वा, नवरी झाली की!" एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी. मान वळवून तो काचेकडे वाकायलाच लागला होता.

"काका, काय हे!" येर्मुखाननं त्याचा दंड धरला. "पाहुण्यानं कामाला हात लावायचा नसतो. मांस निवतंय, तुम्ही बसल्याशिवाय कुणी घास घेणार नाही."

आमच्यात वडीलधाऱ्या पाहुण्यानं ताट टाळलं तर यजमानाची मान खाली जाते. तिलेगेन हसला आणि गेला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण बाहेर नुसता नळ ठिबकला.

हिवाळा सरताना शारिपा आजी तळ्यावर एकटीच बोलताना ऐकू आली. तिच्या पांढऱ्या उंटिणीला मेलेलं पिल्लू झालं होतं. दुसरी चारा खात नव्हती, भिंतीला डोकं टेकून उभी राहायची.

येर्मुखान धावत गेला. "काय झालं, आजी?"

"काही कळत नाही रे बाळा. घराजवळच्या विहिरीचंच पाणी बाधलं असणार. सकाळचं मी तेच पाजते ना." तिचा आवाज फाटला होता. "आजपासून ते बंद. दोन्ही वेळा इथंच आणते. तुमचं गाळलेलं तरी असतं."

"आणा की, खुशाल आणा," येर्मुखान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हवं तेवढं पाजा. आणि आजी, ते विहिरीचं पाणी तुम्हीही पिऊ नका, तुमची घागरही इथंच भरत जा. खारट लागतं थोडं, पण स्वच्छ आहे."

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलं तर मेजवानीला बसू नका, माझ्या रंगाचं कौतुक करू नका. आधी त्या काचेत डोकवा. पट्टा आज सकाळी तिलेगेनच्या रेघेची जागा ओलांडून खाली उतरलाय, नव्या रेघेला टेकायला अजून चार दिवस आहेत, आणि आत्ता भिंतीपलीकडे घागर बुडाल्याचा आवाज आला.